चांदीची नाणी, काळपट थर आणि मुंबईचा पावसाळा: प्रकल्प नोंदी

४ मे

माहीममधल्या एका खासगी संग्रहाची फेरमांडणी सुरू केली. सव्वादोनशेच्या आसपास चांदीची नाणी, सगळी एका लोखंडी कपाटात. पाऊस लागायच्या आत रासायनिक काम उरकायचं आणि जूनपासून फक्त साठवण व देखरेख, असा बेत आहे.

पहिलं काम मिश्रधातूप्रमाणे गट पाडण्याचं. चांदी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे तिचे आजारही सारखे नाहीत.

राणीछाप, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे कलदार रुपये: ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम, चांदी तेवढीच. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे रुपये वेगळे: चांदी निम्मीच, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. स्वातंत्र्यानंतरचं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं (१९६९ चं, त्यावर १८६९–१९४८) १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. १९७२ चं दहा रुपयांचं नाणं २२.५ ग्रॅमचं, चांदी ५० टक्के. शंभर रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर; मिश्रण सहाव्या जॉर्जच्या रुपयासारखंच. शेवटी सराफांकडची ९९९ ची (म्हणजे ९९.९ टक्के चांदीची) लक्ष्मीछाप नाणी.

९९९ वर फक्त काळा थर बसतो. निम्म्या चांदीच्या नाण्यावर काळाही बसतो आणि हिरवाही, आणि काळजी करावी ती हिरव्याची. हे पुढच्या सगळ्या कामाचं सूत्र धरलं आहे.

५ मे

नाण्यांवर सापडलेले डाग आणि त्यांचा अर्थ:

१. पिवळसर, सोनेरी, तांबूस जांभळा, निळा, शेवटी काळा. हा सिल्व्हर सल्फाइडचा थर. हवेतला हायड्रोजन सल्फाइड अब्ज भागांत एखादा भाग असला तरी कालांतराने पुरतो. रंग थराच्या जाडीचा असतो: पातळ असताना प्रकाश थराच्या वरून आणि खालून परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतो, म्हणून इंद्रधनुषी छटा, थर जाड झाला की नुसता काळा. रंग मध्याकडून कडेकडे याच क्रमाने चढत गेले असतील तर थर सावकाश, आपसूक चढलेला आहे. रंग उठावाच्या रेषांची पर्वा न करता मधेच सुरू होत असतील आणि खाली चकाकी नसेल, तर कुणीतरी गंधक लावून ‘छटा’ आणली असण्याचा संशय घ्यावा.

२. करडा, किंचित जांभळट, मेणासारखा पापुद्रा. सिल्व्हर क्लोराइड. जमिनीतून निघालेल्या किंवा खाऱ्या पाण्याशी संबंध आलेल्या नाण्यांवर. कुठल्याही सौम्य द्रावकाने हलत नाही, हलवायला जाऊही नये.

३. हिरवा चिकट थर किंवा मोहरीएवढे हिरवे ठिपके. पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकची करणी. खाली सविस्तर.

४. ९९९ च्या नाण्यांवर पांढरे दुधाळ ठिपके. टांकसाळीत चकत्या धुतल्यावर राहिलेला अंश भट्टीत भाजला जाऊन ते होतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. साठवणीने येत नाहीत आणि साठवणीने जातही नाहीत. तसेच ठेवले.

५. बोटांचे ठसे. घामातल्या क्षारांनी आधी तांबूस, मग तपकिरी. ताजा ठसा निघतो, वर्षानुवर्षांचा धातूत खोदला गेलेला असतो.

६ मे

जुन्या साठवणीची तपासणी. अपराधी वस्तू एकेक करून बाहेर काढल्या.

खाकी पाकिटं. क्राफ्ट कागदाचा लगदा सोडियम सल्फाइड घालून शिजवतात आणि गंधकाचा अंश कागदात उरतो. या पाकिटांतल्या रुपयांची कड गडद निळी आणि मधला भाग अजून पांढरा. कागद जिथे टेकला तिथूनच थर आत सरकत गेला आहे.

रबरबँड. रबर गंधकाने पक्कं करतात. पाकिटावर बाहेरून बांधलेल्या रबरबँडची सरळ काळी रेघ आतल्या नाण्यावर उमटलेली दिसली. लेटेक्सचे हातमोजे त्याच कारणाने बाद. बिनपावडरीचे नायट्रिल घेतले. सुती मोज्यातून नाणं निसटतं, म्हणून तेही नकोत.

कापसाच्या गादीवर चिकटवलेली मखमल, लोकर, फेल्ट. रंग, डिंक आणि लोकरीतलं गंधक, तिन्ही घातक.

डांबरगोळ्या. नॅफ्थलीनची वाफ प्लॅस्टिक मऊ करते आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते. नाण्यांच्या कपाटात त्यांचं काही काम नाही.

जागाही चुकीची होती. कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, आणि ती बाहेरची भिंत, पावसाळ्यात ओल धरणारी. हिंगाचा जो वास येतो तो गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांचा असतो. उकडलेली अंडी, कांदा, लसूण यांचंही तेच. शिवाय घर खाडीच्या बाजूला, ओहोटीला चिखलाचा वास आत येतो. कपाट आतल्या खोलीत, आतल्या भिंतीला, मागे चार बोटं हवा सोडून लावलं. नाणी वरच्या कप्प्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळाच्या कप्प्यांतल्या कागदपत्रांचं जे झालं ते मुंबईकराला सांगायला नको.

११ मे

प्लॅस्टिकची ओळख. जुन्या अल्बमची पानं, झिपच्या पिशव्या, पारदर्शक पाकिटं, सगळ्यांचे नखाएवढे तुकडे कापले.

पहिली चाचणी पाण्याची. ग्लासात पाणी, त्यात एक थेंब भांड्यांचा साबण (नाहीतर तुकडा पृष्ठताणावरच तरंगतो), तुकडा चिमट्याने पूर्ण बुडवून सोडायचा. वर आला तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. ठेवायला हरकत नाही. तळाशी गेला तर पीव्हीसी असेल किंवा पॉलिएस्टर.

दुसरी चाचणी तळाशी गेलेल्यांची. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, ज्योतीला हिरवा रंग येईनासा होईपर्यंत. मग गरम तार प्लॅस्टिकला टेकवून पुन्हा ज्योतीत. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. तुकडा मोहरीएवढाच घ्यावा, खिडकीशी उभं राहावं, धूर हुंगू नये. ॲसिटोनची बाटली त्या दिवशी त्या खोलीत नसावी.

अल्बमची मऊ, वास येणारी, नाण्याला चिकटणारी सगळी पानं पीव्हीसीची निघाली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव घालतात. तो झिरपून नाण्यावर येतो. प्लॅस्टिक उष्णतेने आणि काळाने विघटित होताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. ते दमट हवेत आम्ल होऊन तांब्याला खातं आणि तांब्याची हिरवी संयुगं तयार होतात. सहाव्या जॉर्जचे रुपये ४० टक्के तांब्याचे, म्हणून या अल्बममध्ये सर्वांत वाईट अवस्था त्यांचीच.

१२ मे

नव्या साहित्याची चाचणी लावली. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत: काचेच्या बंद नळीत २ ग्रॅम नमुना, अर्धा मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, घासून स्वच्छ केलेल्या धातूच्या पट्ट्या, ६० अंश सेल्सिअस, २८ दिवस. चांदीची पट्टी गंधक दाखवते, तांब्याची क्लोराइड आणि आम्लं. मूळ पद्धतीत शिशाचीही पट्टी असते, ती सेंद्रिय आम्लांसाठी, इथे वगळली. शेजारी एक नळी पट्ट्या आणि पाणी घालून, पण नमुन्याशिवाय. तिच्याशी तुलना केल्याशिवाय निकाल वाचता येत नाही.

नमुने: कॅप्सूलमधली (एकेका नाण्याच्या कडक पारदर्शक डबीतली) फोमची काळी कडी, कॅप्सूलमधली पांढरी कडी, डब्याच्या झाकणाचं सिलिकॉन गॅस्केट, दुसऱ्या डब्याचं करड्या रबराचं गॅस्केट, आम्लरहित म्हणून विकत घेतलेला पांढरा कागद, ट्रेला लावायचं निळं कापड.

१९ मे

ॲसिटोनची आंघोळ. पीव्हीसीची नाणी आधी घेतली.

प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या दर्जाचं ॲसिटोन मिळतं, तेच हवं. नखांचं रिमूव्हर नको. त्यात पाणी, तेल, रंग, सुगंध असतो आणि तो सगळा नाण्यावर सुकतो. झाकणाच्या तीन काचेच्या बश्या. पहिलीत तासभर, चिकट थर जाड असेल तर रात्रभर. दुसरीत दहा मिनिटं. तिसरीत नुसतं बुडवून काढायचं. पहिली बशी पिवळसर झाली की ॲसिटोन बदलायचं, नाहीतर विरघळलेलं तेल पुढच्या नाण्यावर जातं. नाणी एकमेकांवर ठेवायची नाहीत. चिमटा पॉलिप्रॉपिलीनच्या टोकांचा. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनचा असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून कॅप्सूलसकट नाणं बुडवायचा विचार कुणी करू नये. नायट्रिलच्या मोज्यातूनही ॲसिटोन लवकर आत येतं, हात बशीत घालायचा नाही.

खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातली समई आणि निरंजन विझवलेलं. वापरलेलं ॲसिटोन गच्चीवर उघड्या काचेच्या भांड्यात उडू दिलं, मोरीत ओतलं नाही.

वाळवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. ॲसिटोन उडताना नाणं थंड करतं आणि मुंबईच्या दमट हवेत नाण्यावर लगेच दव धरतं. ते दव सुकताना पांढुरका पडदा उरतो आणि ‘ॲसिटोनने डाग पडला’ असं वाटतं. आज एसी लावून खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणली, मगच नाणी बाहेर काढली. नाणं टिपकागदावर आडवं न ठेवता कडेवर तिरकं टेकवलं की दोन्ही बाजू सारख्या सुकतात. घासायचं नाही, पुसायचं नाही.

ॲसिटोन फक्त तेल, चिकटपणा, सेलोटेपचा डिंक, ताजे ठसे काढतं. सल्फाइडला ते हात लावत नाही, आणि म्हणूनच ते सुरक्षित आहे. छटा आहेत तशा राहिल्या.

भिंगाखाली एक पाहण्यासारखं: पाचव्या जॉर्जच्या मुंबई टांकसाळीच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. एका रुपयावर त्या जागी हिरवट गोळा बसला होता. दुसऱ्या बशीनंतर तो सुटला आणि ठिपका खाली शाबूत निघाला. अशा जागी टाचणीने टोकरलं असतं तर टांकसाळीची खूणच गेली असती.

२५ मे

चकाकवण्याच्या पद्धतींबद्दल इथेच लिहून ठेवतो, कारण नाणी चकाकवता येतील का, अशी विचारणा संग्रहाच्या मालकांनी पुन्हा केली.

अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा: सल्फाइडमधलं गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, सडक्या अंड्याचा वास येतो, चांदी परत धातुरूपात येते. पण ती येते सच्छिद्र, भुरभुरीत. झिजलेल्या १९१९ च्या रुपयावर करून पाहिलं: रंग पांढरा, पोत चुन्यासारखा. भांड्याला चालेल, त्याला पुढे घासतातच. नाण्याला नाही. शिवाय सच्छिद्र पृष्ठभाग दुसऱ्या खेपेला अधिक लवकर काळा पडतो.

तयार डिप, म्हणजे चांदी बुडवून चकाकवायचं विकतचं द्रावण: थायोयुरिया आणि आम्ल. सेकंदांत थर विरघळवतो, सोबत चांदीचाही. नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे जे आरे फिरतात, ते टांकसाळीच्या ठशाखाली धातू पसरताना पडलेल्या सूक्ष्म रेषांमुळे. डिपने त्या रेषा बोथट होतात आणि मग त्या परत आणायचा उपाय जगात नाही.

टूथपेस्ट, राख, रांगोळी, विभूती, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर: घासणारं किंवा आम्लधर्मी काहीही नाही. १९४० नंतरच्या रुपयांना तर अजिबात नाही. त्यांच्या पृष्ठभागावर चांदी जास्त असलेला पातळ पदर असतो. तो घासला गेला की खालचा पिवळट रंग उघडा पडतो.

सल्फाइडचा पातळ, एकसंध थर राहू द्यावा. पुढे वाढू द्यायचा नाही, एवढंच काम आहे.

९ जून

नळ्या उघडल्या. काळी फोम कडी: चांदी तपकिरी. बाद. पांढरी कडी: नमुन्याशिवायच्या नळीइतकीच स्वच्छ. करडं रबर: चांदी जवळजवळ काळी. बाद. सिलिकॉन गॅस्केट: स्वच्छ. कागद: स्वच्छ. निळं कापड: चांदी ठीक, तांबं हिरवट. बाद, काही नाणी ४० टक्के तांब्याची असताना तांब्याची पट्टी बिघडवणारं कापड चालणार नाही.

१० जून

पहिला जोरदार पाऊस. मांडणी आज पूर्ण केली.

आर्द्रतामापकाची शहानिशा आधीच झाली होती. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ओलं होईल इतपतच पाणी, मापक आणि झाकण एका झिपच्या पिशवीत दिवसभर. आत ७५ टक्के दिसायला हवं. एक मापक ७१ दाखवत होता. त्यावर ‘अधिक ४’ अशी चिठ्ठी लावली. ही चाचणी नाण्यांच्या खोलीत करू नये, मीठ तिथे नकोच.

कलदार रुपयांना ३१ मिलिमीटरची कॅप्सूल, अधेलीला २४, पावलीला १९, शंभराच्या नाण्याला ४४. कडी लागेल तिथे पांढरी. स्वस्त नाण्यांना पॉलिएस्टरच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकट. चौकटीच्या पिना पक्कडीने दाबून सपाट केल्या, कारण उभी पिन शेजारच्या नाण्याला ओरखडा काढते, आणि मुंबईत ती गंजतेही. गंजलेली पिन ओढून काढायची नाही, चौकट कापून नाणं सोडवायचं.

डबे: पॉलिप्रॉपिलीन, सिलिकॉन गॅस्केट, चार बाजूंनी खटके, प्रत्येकी ५ लिटर. पॉलिप्रॉपिलीनमधूनही ओल हळूहळू शिरते, म्हणून आत सिलिका जेल लागतेच. प्रमाण दर लिटरला २० ग्रॅम, म्हणजे डब्याला १०० ग्रॅम, मलमलीच्या पिशवीत. दर्शक (ओल शोषली की रंग बदलणारे दाणे) नारिंगी घेतला. निळ्या दर्शकात कोबाल्ट क्लोराइड असतं. पिशवी फाटली तर क्लोराइड नाण्यावर नको. कोरड्या पिशवीचं वजन पिशवीवरच पेन्सिलने लिहिलं.

प्रत्येक डब्यात काळपटपणा रोखणारी एक पट्टी, तांब्याचे सूक्ष्म कण असलेली. ती गंधक आधी आपल्या अंगावर घेते. नाण्याला टेकवायची नाही. आणि एक साक्षीदार: झवेरी बाजारातून आणलेल्या ९९९ च्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा, घासून, ॲसिटोनने धुऊन. तसाच एक कपाटात डब्याबाहेर, एक स्वयंपाकघरात.

८ जुलै

खोलीत आर्द्रता ८६ टक्के, डब्यांत ३४ ते ३८. एका डब्यात ५२. खटक्याखाली कॅप्सूलच्या लेबलाचा कोपरा अडकला होता, झाकण केसभर उघडं. त्यातली जेलची पिशवी १७ ग्रॅमने जड.

वजन १५ ग्रॅमने वाढलं की जेल तापवायची असा नियम ठेवला. ओटीजीमध्ये ११० अंश, पसरट स्टीलच्या ताटात, तीन तास, मलमलीतून काढून. १२० च्या वर नारिंगी दर्शक करपतो. गरम जेल तशीच डब्यात टाकायची नाही, बंद बरणीत गार होऊ द्यायची. मायक्रोवेव्हमध्ये दाणे तडकतात आणि त्यांची धूळ नाण्यांवर बसते.

पावसाच्या दिवशी डबा उघडायचा असेल तर आधी खोलीत एसी. पण एसीच्या थंड खोलीतून गार नाणं बाहेरच्या दमट खोलीत नेलं तर त्यावर दव पडतं. म्हणून बघायचं ते तिथेच बघायचं, आणि बंद तिथेच करायचं.

२७ ऑगस्ट

साक्षीदारांचं वाचन, पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात. डब्यातले: बदल नाही. कपाटातला: गवती पिवळा. स्वयंपाकघरातला: तांबूस, कडेला जांभळा. डब्याशिवाय नुसतं कपाटाचं दार बंद ठेवलं तरी पुरलं असतं असं मानणाऱ्यांसाठी हे तीन पत्रे एका कार्डावर लावून ठेवले.

पीव्हीसीमधून सोडवलेल्या नाण्यांची वेगळी पाहणी. सहाव्या जॉर्जच्या दोन रुपयांवर हिरवट भुकटी पुन्हा आली आहे. ॲसिटोनने तेल गेलं, पण खळग्यांत क्लोराइड राहिलं. ती नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली, पाणी रोज बदलून. मग पाणी काढण्यासाठी ॲसिटोनच्या दोन आंघोळी आणि कोरड्या खोलीत वाळवण. वेगळ्या डब्यात, जेल दुप्पट. निरोगी नाण्यांसोबत ती ठेवायची नाहीत.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरची उष्णता चालू, आर्द्रता उतरते आहे. सगळी जेल तापवून घेतली. पट्ट्या पुढच्या मे महिन्यात बदलायच्या. तारीख डब्याच्या झाकणावर लिहिली.

दिवाळीसाठी सूचना, मालकांच्या विनंतीवरून. धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवायची नाणी आत्ताच ठरवून घ्यावीत: ९९९ ची लक्ष्मीछाप आणि जास्त झिजलेले चार कलदार. हळद, कुंकू, दूध, पंचामृत यांचा स्पर्श फक्त त्यांनाच. राणीछाप उत्तम प्रतीचे रुपये आणि स्मारक नाणी पूजेत नकोत. फटाक्यांच्या दारूत गंधक असतं आणि जळल्यावर उरणाऱ्या राखेत सल्फाइडं. ती ओलसर झाली की हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणून त्या चार दिवसांत कपाटाच्या खोलीच्या खिडक्या संध्याकाळी बंद ठेवाव्यात आणि डबे उघडू नयेत.

पूजेनंतर ती नाणी त्याच रात्री कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून हलवावीत, न घासता. तुपाचा अंश राहिला तर सकाळी ॲसिटोन. पूर्ण वाळल्यावर पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, ‘पूजा’ असं लिहिलेल्या स्वतंत्र डब्यात. मुख्य डब्यांत परत टाकू नयेत.